लॉ कॉलेज पारखायचे कसे? प्रवेश, शिकवणे आणि पदवीनंतरचे दिवस



प्राथमिक शाळेतल्या बाईंनी लॉ कॉलेजवर का लिहावं, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. आपण पहिली-दुसरीला शिकवलेली मुलं बारावी झाली की त्यांचे आई-वडील परत आपल्याकडेच येतात. गावात विचारायला दुसरं कोण असतं?

मागच्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील असेच घरी आले. हातात एका मोठ्या शहरातल्या खाजगी लॉ कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक. म्हणाले, "मॅडम, पोरीला वकील व्हायचंय. हे कॉलेज शंभर टक्के प्लेसमेंट देतंय म्हणे. अर्धा एकर गहाण टाकीन, पण शिकवीन. बरं हाय का हे, तेवढं सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. मग मी आठ-दहा दिवस बसून माहिती काढली, काही वकिलांना विचारलं आणि आम्ही तिघं दोन कॉलेजं प्रत्यक्ष बघून आलो. त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे.

आधी रस्ते समजून घेऊ

वकिलीच्या पदवीचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, जसे बीए एलएलबी, बीबीए एलएलबी. किंवा कोणतीही पदवी घेऊन मग तीन वर्षांची एलएलबी. दोन्हीतून मिळणारी सनद एकच, वकिलीचा हक्कही सारखाच. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला आधीच्या परीक्षेत किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. दूरशिक्षणाने, पत्राद्वारे एलएलबी होत नाही. तशी जाहिरात दिसली तर तिथेच थांबावं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या एमएच सीईटी लॉ या परीक्षेतून होतात. १८५५ साली सुरू झालेलं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य होते, आणि १९२४ पासूनचं पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज ही नामवंत कॉलेजंही याच परीक्षेतून मिळतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. आपल्या ग्रामीण मुलांना हे आवर्जून सांगा.

दुसरी परीक्षा म्हणजे क्लॅट. राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठीची. आपल्या राज्यात अशी तीन आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. क्लॅटमध्ये १२० प्रश्न, १२० मिनिटं आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. प्रश्न मोठमोठ्या इंग्रजी उताऱ्यांवर असतात, त्यामुळे वाचनाचा वेग नसेल तर हुशार मूलही मागे पडतं. दिल्लीचं राष्ट्रीय विधि विद्यापीठ मात्र आयलेट नावाची स्वतःची वेगळी परीक्षा घेतं.

मान्यता: आधी हे एक पान बघा

कॉलेजला विद्यापीठाची संलग्नता असली तरी तेवढ्यावर भागत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता हवी, आणि ती चालू असायला हवी. ही मान्यता ठरावीक मुदतीची आणि ठरावीक तुकड्यांसाठी असते. एका तुकडीत ६० विद्यार्थी, असा नियम आहे. म्हणून कार्यालयात विचारताना "मान्यता आहे का" असं विचारू नका. "कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि किती तुकड्यांना आहे, ते पत्र बघू का" असं विचारा.

ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने नव्या लॉ कॉलेजांना तीन वर्षं परवानगी न देण्याचा निर्णय घेतला. कारण म्हणून दर्जा नसलेल्या संस्थांची बेसुमार वाढ आणि पात्र प्राध्यापकांची कमतरता यांवर बोट ठेवलं. नियंत्रण करणारी संस्थाच असं म्हणत असेल, तर आपण पालकांनी किती डोळे उघडे ठेवायला हवेत बघा.

कटऑफ काय सांगतो आणि काय सांगत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येते. "त्या कॉलेजचा कटऑफ फार वर जातो, म्हणजे कॉलेज चांगलंच." असं आपण सगळेच म्हणतो. पण कटऑफवरून इतकंच कळतं की त्या कॉलेजला मागणी किती आहे. तिथे शिकवतात कसं, ते त्यातून कळत नाही.

आपल्या वर्गातलं उदाहरण घेऊ. एका शाळेत पहिलीला येणारी बहुतेक मुलं अक्षरं, अंक शिकून आलेली असतात. दुसऱ्या शाळेत निम्म्या मुलांनी पेन्सिल पहिल्यांदाच धरलेली असते. वर्षअखेर पहिल्या शाळेची नव्वद टक्के मुलं वाचतात, दुसऱ्या शाळेची सत्तर टक्के. बाहेरचा माणूस पहिल्या शाळेला शाबासकी देईल. पण जास्त काम कोणत्या बाईंनी केलं, ते आपल्याला माहीत आहे.

लॉ कॉलेजचंही तसंच. निवडून निवडून हुशार मुलं घेतली की पुढचे निकाल बऱ्याच अंशी तिथेच ठरतात. चांगल्या सोबत्यांचा फायदा असतोच, तो नाकारत नाही. पण "प्रवेशाचा निकाल" आणि "शिकवण्याचा निकाल" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपलं मूल आज जिथे आहे तिथून कॉलेज त्याला किती पुढे नेईल, हा आपला प्रश्न आहे.

तरीही कटऑफ बघावा, पण नीट बघावा. एका वर्षाचा न बघता तीन वर्षांचा, आपल्या प्रवर्गाचा आणि शेवटच्या फेरीचा. जागा रिकाम्या राहत असतील तर का राहतात, ते विचारावं. संस्थास्तरावरच्या जागा कशा भरतात तेही विचारावं.

वर्गात काय चालतं?

माझा एक मावसभाऊ एका कॉलेजातून एलएलबी झाला. कॉलेजचं नाव सांगत नाही. तिथे तास क्वचितच व्हायचे, हजेरी मात्र पूर्ण लागायची. गाईड वाचून तो चांगल्या गुणांनी पास झाला. पहिल्या दिवशी सिनियर वकिलांनी त्याला घरभाडे थकल्याची साधी नोटीस लिहायला सांगितली. ती त्याला लिहिता आली नाही. पुढची दोन वर्षं तो जे शिकला ते कॉलेजात शिकायला हवं होतं, आणि त्या दोन वर्षांत हातात जवळजवळ काही पडलं नाही. हा दोष मी त्याचा एकट्याचा मानत नाही.

म्हणून शिकवण्याबद्दल चार गोष्टी तपासा.

१) तास होतात का? बार कौन्सिलच्या नियमात ७० टक्के हजेरीची अपेक्षा आहे. कामाच्या दिवशी, मंगळवार-बुधवारी सकाळी अकरा वाजता, न कळवता जा. वर्गात मुलं आणि फळ्याजवळ शिक्षक आहेत का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

२) पूर्णवेळ शिक्षक किती? तासाला येऊन जाणारे वकील हवेतच, त्यांचा अनुभव मोलाचा असतो. पण सगळा डोलारा त्यांच्यावरच असेल तर कोर्टाची तारीख लागली की तास बुडतो.

३) हाताने करायचं काम होतं का? अभ्यासक्रमात दावे-अर्ज-दस्त लिहिणे, व्यावसायिक नीतिमत्ता, तडजोड व लवाद, आणि अभिरूप न्यायालय, म्हणजे मूट कोर्ट, हे विषय सक्तीचे आहेत. इंटर्नशिप पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे हवी. ती खरी होते की नुसता शिक्का मारून आणतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचारा. मुलं खरं सांगतात. कॉलेजचं विधी सेवा केंद्र असेल तर त्याची नोंदवही बघायला मागा. किती लोक आले, कशासाठी आले, ते त्यात असतं.

४) शिकवणं आजचं आहे का? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्याही जागी नवे कायदे आले. जुन्या खटल्यांसाठी जुना कायदा माहीत हवाच, पण ग्रंथालयात नव्या कायद्याची पुस्तकं पुरेशी नसतील आणि नोट्स अजून जुन्या कलमांच्याच असतील, तर काय समजायचं ते समजा.

भाषेचाही एक मुद्दा आहे. आपल्या राज्यात तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयात इंग्रजी. म्हणजे चांगल्या वकिलाला दोन्ही भाषांत नेमकं लिहिता यायला हवं. "मसुदालेखन मराठीतही शिकवता का?" हा प्रश्न मी विचारला तेव्हा एका कॉलेजात समोरचे सर नुसतेच हसले.

प्लेसमेंटचा आकडा: एका सोळाची तीन रूपं

शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं. पण शीत आपण उचलायला हवं. माहितीपत्रकात कॉलेजने स्वतः उचललेलं शीत असतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कॉलेजात १०० मुलांनी प्रवेश घेतला. पाच वर्षांत वेळेवर ६४ पास झाली. त्यातल्या २० जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलं आणि १६ जणांना नोकरी लागली.

• नाव नोंदवलेल्या २० पैकी १६ म्हणजे ८० टक्के.
• वेळेवर पास झालेल्या ६४ पैकी १६ म्हणजे २५ टक्के.
• प्रवेश घेतलेल्या १०० पैकी १६ म्हणजे १६ टक्के.

तिन्ही आकडे खरे आहेत. जाहिरातीत कोणता छापतील ते सांगायला नको. म्हणून टक्केवारी ऐकली की लगेच विचारायचं, "किती जणांपैकी?" मुलांना आपण शेकडेवारी शिकवताना हेच सांगतो ना, की छेद बघा!

पगाराचंही तसंच. समजा दहा जणांचे वार्षिक पगार लाखांत असे आहेत: ३, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ९, ३०. बेरीज ७०, म्हणून सरासरी ७ लाख. पण ७ लाखांच्या वर फक्त दोघं आहेत. चढत्या क्रमाने लावून मधला पगार, म्हणजे मध्यक, काढला तर तो येतो ४ लाख. आपल्या मुलाला बहुधा काय मिळेल, हे मध्यकावरून जास्त कळतं. "सर्वोच्च पॅकेज" हा तर एकाच मुलाचा पगार.

हे आकडे कुठे मिळतील? केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी लॉ कॉलेजांसाठी २०१८ पासून निघते. त्यात भाग घेणाऱ्या संस्थांनी सरकारला दिलेली माहिती संकेतस्थळावर ठेवलेली असते. पहिल्या वर्षी किती मुलं घेतली, ठरलेल्या मुदतीत किती पास झाली, किती जणांना नोकरी लागली, पगाराचा मध्यक किती, उच्च शिक्षणाला किती गेली, हे सगळं एका तक्त्यात असतं. क्रमांकापेक्षा हा तक्ता वाचा. क्रमांक देताना १०० पैकी ३० गुण संशोधन व व्यावसायिक कामाला आणि १० गुण लोकांच्या मनातल्या प्रतिमेला असतात. पदवीनंतरच्या फलिताला २० च. म्हणून नुसत्या क्रमांकावर जाऊ नये. आणि जे कॉलेज या क्रमवारीत नाही, त्याला हेच आकडे लेखी मागावेत.

अजून एक गोष्ट. इंजिनिअरिंगसारखी "कॅम्पसमधून नोकरी" हा वकिलीचा मुख्य रस्ताच नाही. बहुतेक मुलं एखाद्या सिनियरकडे ज्युनियर म्हणून जातात. त्यामुळे प्लेसमेंट कमी म्हणजे कॉलेज वाईट, असंही नाही. त्यापेक्षा विचारा: तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या तुकडीतले किती जण आज प्रत्यक्ष कोर्टात उभे राहतात? कॉलेजकडे याची यादी असेल तर तो चांगला शकुन. नसेल तर तालुका कोर्टात जाऊन दोन-चार तरुण वकिलांना विचारा, "कुठून शिकलात?"

पदवीनंतरचा रस्ता घरात आधीच सांगा

पदवी मिळाली म्हणजे वकील झाला, असं नाही. आधी राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. आपली बार कौन्सिल महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निकाल दिला की नोंदणी शुल्क कायद्यात लिहिलंय तेवढंच घ्यायचं, खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. याखेरीज अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. १०० वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, आणि बेअर ॲक्ट, म्हणजे टिपा नसलेलं कायद्याचं मूळ पुस्तक, जवळ ठेवता येतं. ज्याने कॉलेजात मूळ कायदा कधी उघडलाच नाही, त्याला पुस्तक समोर असूनही कलम सापडत नाही!

सुरुवातीची कमाई तुटपुंजी असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, असं सुचवलं. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. आणि ज्यांना न्यायाधीश व्हायचंय त्यांच्यासाठी: २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे पाच वर्षं शिक्षण आणि वर तीन वर्षं. हा हिशोब धरूनच कर्जाचा विचार करायचा. पदवीच्या दुसऱ्या वर्षीच हप्ता भरायचा असेल आणि मुलगी तेव्हा ज्युनियर असेल, तर हप्ता वडिलांनाच भरावा लागणार.

शुल्काबाबत एक महत्त्वाचं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थास्तरावर थेट प्रवेश घेतला की ही सवलत हातची जाते. "आमच्याकडे थेट जागा आहे, आजच बुक करा" असं सांगणारे लोक हे सांगत नाहीत.

आमच्या सांगली जिल्ह्यापुरतं सांगायचं तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आहे. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या मुलांना आता उच्च न्यायालयाचं काम बघायला मुंबईच गाठायला नको. जवळचं कॉलेज निवडताना हा मुद्दाही मोजायला हवा.

भेटीला जाताना खिशात ठेवायचे प्रश्न

१) बार कौन्सिलची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत, किती तुकड्यांना?
२) गेल्या तीन वर्षांचा आमच्या प्रवर्गाचा शेवटच्या फेरीचा कटऑफ किती?
३) पूर्णवेळ शिक्षक किती? या आठवड्याचं वेळापत्रक बघू का?
४) पाच वर्षांपूर्वी किती मुलं आली, वेळेवर किती पास झाली?
५) त्यातली आज कोर्टात किती, नोकरीत किती, पुढे शिकतायत किती?
६) पाच वर्षांचा एकूण खर्च किती, वसतिगृह आणि परीक्षा शुल्क धरून?

आम्ही हेच प्रश्न घेऊन गेलो. पहिल्या कॉलेजात काचेची इमारत, गार पाणी, चहा-बिस्कीट. वेळापत्रक मागितलं तर "ॲपवर असतं" असं उत्तर मिळालं. ग्रंथालयाला दुपारी बारा वाजता कुलूप होतं. दुसरं कॉलेज जुन्या दगडी इमारतीत. पंखे कुरकुरत होते, पण वर्गात चाळीसेक मुलं बसली होती आणि मॅडम न्याय संहितेचं पुस्तक हातात धरून शिकवत होत्या. व्हरांड्यात दोन मुली मूट कोर्टसाठी एकमेकींशी भांडत होत्या! क्लार्कभाऊंनी विधी सेवा केंद्राची वही काढून दाखवली, त्यात मागच्याच आठवड्यातली नोंद होती. प्लेसमेंटबद्दल विचारल्यावर प्राचार्य म्हणाले, "तसं फार नाही. पण इथल्या तीन तालुक्यांच्या कोर्टात आमची मुलं उभी असतात, विचारून बघा."

परतताना एसटीत वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, त्या पयल्या कॉलेजात आमाला लई मान दिला. पर पोरीला शिकवणार कोण, ते काय दिसलं नाय." मला जे सांगायला आठ दिवस लागले, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

मुलीने केंद्रीय प्रक्रियेतून दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेतला. जमीन गहाण टाकावी लागली नाही. निवड बरोबर होती की नाही, ते आज सांगता येणार नाही. ते पाच वर्षांनी, खरं तर आठ वर्षांनी कळेल. पण निवड डोळे उघडे ठेवून केली, एवढं समाधान आहे.

तुमच्याकडेही असे पालक येतील. "कॉलेज चांगलं आहे का" असं त्यांनी विचारलं की हे सहा प्रश्न त्यांच्या हातात द्या, आणि जमलं तर एक दिवस त्यांच्याबरोबर जाऊन या.